वडापाव अजून स्वस्त आहे का? अठरा रुपयांचा हिशेब

डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला मी रोज ज्या गाडीवर थांबतो, तिथली पाटी मध्यंतरी बदलली. १५ या आकड्यावर पांढरा कागद चिकटवून वर निळ्या पेनाने १८ लिहिलं. माझ्यापुढे उभा असलेला माणूस, हातात प्लंबिंगच्या सामानाची पिशवी, पाटीकडे बघून म्हणाला, "मावशी, आता वडापावपण परवडेना झाला." मावशींनी मान वर न करता त्याला दोन वडापाव बांधून दिले आणि वर एक तळलेली मिरची जास्त ठेवली.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. वडापाव खरंच महाग झाला, की फक्त आकडा वाढला? आणि आपण त्याला "गरिबाचं जेवण" म्हणतो, ते तो आजही आहे का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची उत्तरंही वेगळी निघतात.

आधी पहिला प्रश्न. एखादी वस्तू महाग झाली का, हे नुसत्या रुपयांवरून कळत नाही. मला आठवतं, २०१२ मध्ये याच स्टेशनबाहेर वडापाव १० रुपयांना मिळायचा. आता १८. म्हणजे जवळपास दुप्पट. पण त्याच काळात बाकी सगळंही वाढलं. सरकार महागाई मोजायला ग्राहक किंमत निर्देशांक वापरतं. धान्य, भाजी, घरभाडं, कपडे, औषधं, प्रवास अशा ठरावीक वस्तूंची एक टोपली धरायची आणि तिची किंमत दर महिन्याला बघायची. २०१२ साली ही टोपली १०० रुपयांची धरली, तर २०२४ मध्ये तीच टोपली १९० रुपयांच्या आसपास गेली होती. वडापाव १० वरून १८ वर गेला, म्हणजे टोपलीच्या बरोबरीनेच चालला, किंचित मागेच.

दुसरं माप मला जास्त पटतं, कारण ते पोटाच्या जवळचं आहे. एक वडापाव विकत घ्यायला किती वेळ राबावं लागतं? मजुरीचे दर जागोजाग वेगळे, पण रोजगार हमीचा दर सरकारने जाहीर केलेला असतो, म्हणून तो फूटपट्टीसारखा वापरता येतो. महाराष्ट्रात २०१२-१३ साली तो दिवसाला १४५ रुपये होता, २०२४-२५ मध्ये २९७ झाला. आठ तासांचा दिवस धरला तर २०१२ साली १० रुपये कमवायला ३३ मिनिटं लागत होती. २०२४-२५ च्या दराने १८ रुपये कमवायला २९ मिनिटं लागतात. शहरातल्या मजुराला रोज यापेक्षा जास्त मिळतो, त्यामुळे त्याची मिनिटं कमी भरतील. पण तेव्हाची आणि आताची तुलना करायला ही पट्टी पुरेशी आहे.

म्हणजे या मापाने वडापाव महाग झालेला नाही, उलट थोडा स्वस्तच झाला. मग पिशवीवाल्या माणसाला तसं का वाटलं? त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्या हातात जो वडा पडला, तो २०१२ चा वडा नव्हता.

हे मला मावशींनीच सांगितलं. एका दुपारी, अडीच-तीनच्या सुमाराला गर्दी ओसरल्यावर, मी त्यांच्याकडे हिशेब मागितला. त्या आधी हसल्या आणि मग उकडलेल्या बटाट्यांची परात पुढे ओढून सारणाचे गोळे वळता वळता बोलायला लागल्या. "पूर्वी किलोत बारा-तेरा वडे बसायचे दादा. आता पंधरा बसवते." त्यांच्या हाताला काट्याची गरज नाही. गोळा तळव्यावर आला की तो किती ग्रॅमचा आहे हे बोटांना कळतं. बारा-तेरावरून पंधरावर जाणं म्हणजे ८० ग्रॅमचा गोळा ६७ ग्रॅमवर येणं. आकाराने डोळ्याला फारसा फरक दिसत नाही, कारण पाव तेवढाच आहे आणि आवरण थोडं सैल, फुगीर केलं की वडा भरलेला दिसतो. पण मजुरीच्या मिनिटांत हे वजन धरलं, तर २९ मिनिटांची वाढून जवळपास ३५ होतात. निदान वड्यापुरतं तरी आपण जिथे होतो तिथेच परत आलो, किंबहुना दोन पावलं मागे.

छोट्या खाण्याच्या पदार्थांची किंमत सरळ रेषेत वाढत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. कच्चा माल रोज पैशापैशाने महाग होतो, पण वडापाव १० रुपये ४० पैशांना विकता येत नाही. सुट्टे पैसे हा मोठा अडसर असतो. म्हणून १० वरून १२, १२ वरून १५ अशी उडी घ्यावी लागते, आणि दोन उड्यांच्या मधल्या काळात वाढलेला खर्च वड्याच्या आकारातून वसूल होतो. भाव वाढवला की गिऱ्हाईक बोलतं, वडा लहान केला की सहसा बोलत नाही. बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच कसा राहतो, याचंही उत्तर हेच. पुड्यावर निदान ग्रॅम छापलेले असतात, वड्यावर काही छापलेलं नसतं. १५ नंतर थेट २० न होता १८ होऊ शकले, याचं श्रेय मात्र मोबाइलवरून पैसे देण्याच्या सोयीला द्यायला हवं. दोन रुपये परत देण्याची कटकट उरली नाही, त्यामुळे मधली पायरी तयार झाली.

मावशींचा पुढचा हिशेब मी घरी येऊन वहीत मांडला. एका गाडीचा, एका महिन्याचा हिशेब आहे हा, सगळ्या गाड्यांचा नव्हे. बटाटा ३० रुपये किलोने पडला, किलोत पंधरा वडे, म्हणजे वड्यामागे २ रुपये. बेसन दीड रुपया. तेल पावणेदोन रुपये. पावाची सहाची लादी २० रुपयांना, म्हणजे पाव सव्वातीन रुपयांच्या थोडा वर. लसूण, मिरची, कोथिंबीर, सुकी चटणी, तळलेली मिरची मिळून दीड रुपया. गॅस ८५ पैसे, कागद २५ पैसे. बेरीज ११ रुपये २० पैसे. १८ मधून वजा केले की ६ रुपये ८० पैसे उरतात. दिवसाला साडेतीनशे वडापाव जातात, म्हणजे २,३८० रुपये. त्यातून हाताखालच्या मुलाचा पगार ७००, जागेचे ५००, दिवा-पाणी १००. राहिले हजार-अकराशे. गाडीवर मावशी आणि त्यांचे यजमान दोघंही असतात, पहाटे पाचला बटाटे उकडण्यापासून रात्री नऊला कढई घासेपर्यंत. म्हणजे माणशी साडेपाचशेच्या आत. पाऊस जोरात पडला, लोकल बंद पडल्या, बंद पुकारला गेला, की तेवढेही नाहीत.

हा हिशेब मांडल्यावर मला पहिल्यांदा नीट उमगलं की वडापाव कशामुळे स्वस्त आहे. बटाटा स्वस्त आहे म्हणून तो स्वस्त आहे असं आपण समजतो. पण बटाटा दोनच रुपयांचा आहे. तो फुकट मिळाला तरी वडापाव १६ चा होईल, त्याच्या खाली जाणार नाही. वडापाव स्वस्त आहे कारण तो करणारी माणसं सोळा तासांच्या दिवसाचे साडेपाचशे रुपये घेतात, आणि बाजारातला प्रत्येक धक्का आधी त्यांच्या अंगावर येतो.

तेलाचंच बघा. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यात पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून, सूर्यफुलाचं काळ्या समुद्राच्या भागातून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि ती बंदी तीनेक आठवडे टिकली. त्या काळात तेलाच्या डब्याचे भाव ऐकून गाडीवाले हबकले होते. पुढे भाव उतरले. मग सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. हेतू असा की सोयाबीनला आणि मोहरीला भाव मिळावा, इथल्या शेतकऱ्याला आधार व्हावा. लातूर-वाशिमच्या सोयाबीन उत्पादकाच्या बाजूने बघितलं तर ही मागणी रास्तच होती. पण मावशींच्या बाजूने बघितलं तर पंधरा किलोच्या डब्यामागे साडेतीनशे रुपये वाढले. एका वड्यामागे अठ्ठावीस पैसे. ऐकायला काहीच नाही. साडेतीनशे वड्यांनी गुणा, रोजचे जवळपास शंभर रुपये. ज्यांचा दिवसाचा उरलेला पैसा हजार-अकराशे आहे, त्यांच्यासाठी ही दहा टक्क्यांची पगारकपात झाली. मे २०२५ च्या शेवटी शुल्क पुन्हा कमी केलं गेलं, पण तोपर्यंतचे आठ महिने त्यांनी सोसले आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागला नाही.

गॅसचंही तसंच. घरचा सिलिंडर १४.२ किलोचा आणि त्याच्या दराकडे सगळ्या राजकारणाचं लक्ष. गाडीवरचा १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर मात्र दर महिन्याला बाजारभावाने वरखाली होतो. मे २०२२ मध्ये दिल्लीत तो २,३५५ रुपयांवर गेला होता. त्या महिन्यात घरच्या सिलिंडरवर बातम्या झाल्या, वड्याच्या कढईखालच्या सिलिंडरवर फारशा नाहीत.

पावाची गोष्ट जरा वेगळी आहे. मुंबईतल्या अनेक जुन्या बेकऱ्यांच्या भट्ट्या लाकडावर चालत आल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी ही लाकडं म्हणजे भंगारात गेलेलं फर्निचर आणि पॅकिंगच्या फळ्या. ती स्वस्त पडतात आणि त्यांचा धूर आजूबाजूच्या छातीत जातो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर आणा असा आदेश दिला. बेकरीवाल्यांनी तेव्हाच सांगितलं की भट्टी बदलायचा खर्च पावावर येणार. यात माझं मन हवेच्या बाजूने आहे. पण हेही तितकंच खरं की आजवर पाव स्वस्त होता त्याचं एक कारण, त्याच्या किमतीतला काही भाग शेजारच्या चाळीतल्या लोकांची फुप्फुसं भरत होती. लादीच्या वीस रुपयांत तो भाग कधी धरलाच नव्हता.

आणि कर. यातला एक बारकावा मला स्वतःला हिशेब करताना सापडला. खाण्याच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. ही मर्यादा जीएसटी आला तेव्हा, २०१७ साली ठरली आणि तिथेच आहे. मावशींचे साडेतीनशे वडापाव, १८ रुपये, आठवड्याची एक सुट्टी वगळून वर्षाचे ३१२ दिवस, हा गुणाकार १९ लाख ६५ हजारांवर येतो. उद्या भाव २० झाला की हाच धंदा, तेवढेच वडे, पण उलाढाल २१ लाख ८४ हजार. मग पाच टक्के कर, म्हणजे वडापावमागे एक रुपया. दोन रुपये वाढवून त्यातला एक सरकारजमा. पूर्वी रोखीत हे कोणाला दिसत नव्हतं. आता प्रत्येक अठरा रुपयांची नोंद बँकेत राहते. जुलै २०२५ मध्ये बंगळुरात याच नोंदींवरून छोट्या दुकानदारांना, हातगाडीवाल्यांना कराच्या नोटिसा गेल्या, तेव्हा अनेकांनी क्यूआर कोडचे कागद काढून टाकले. महागाई वाढली आणि मर्यादा तिथेच राहिली, की वाढलेला फक्त आकडा माणसाला "मोठा व्यापारी" ठरवतो. ही मर्यादा महागाईला बांधायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वडापाव जेवण आहे का?

१९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं सांगितलं जातं. वडा आधीपासून होता, पावही पोर्तुगीजांपासून होता. दोघं एकत्र आले ते घाईत असलेल्या माणसासाठी. पाळी सुटलेली किंवा सुरू व्हायची आहे, लोकल पकडायची आहे, हातात धरून चालता चालता खाता येईल असं काहीतरी हवं आहे. पण त्या काळातल्या गिरणी कामगाराचं जेवण वडापाव नव्हतं. त्याचं जेवण खानावळीत होतं.

कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुरातून आलेले पुरुष, कुटुंब गावी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे आठ-दहा जण. त्यांना जेवू घालायच्या गिरणगावातल्या बाया. आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत दोन वेळचा स्वयंपाक करायच्या. भाकरी किंवा चपाती, भाजी, आमटी, भात, आणि वाराला मासळी किंवा मटण. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. या बायकांना माल भरायला सावकाराकडून कर्ज काढावं लागायचं, दागिने गहाण पडायचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तर स्वस्त जेवण त्या काळात असं होतं. पोटभर, डाळ-भाजीसकट, आणि उधारीवर. ही उधारी मला फार मोलाची वाटते. महिन्याच्या पंचवीस तारखेला खिशात काही नसलं तरी ताट समोर यायचं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. पगार थांबले तिथे खानावळीचं महिन्याचं गणित कसं टिकणार? गिरण्या बंद होत गेल्या तशा खानावळी विरळ झाल्या. काम गेलेल्यांपैकी अनेकांनी वडापावच्या गाड्या टाकल्या आणि ज्यांना जेवण परवडेना त्यांनी त्या गाड्यांवर खायला सुरुवात केली. मधल्या वेळचं खाणं जेवणाच्या जागी येऊन बसलं. पुढच्या पिढीला ते तसंच दिसलं, म्हणून आपण वडापावला सहज "गरिबाचं जेवण" म्हणून टाकतो. ते त्याच्यावर आलेलं काम आहे, तो त्या कामासाठी जन्मला नव्हता.

एका वडापावात अंदाजे तीनशे उष्मांक. अंगमेहनत करणाऱ्याला एका वेळेला निदान दोन लागतात, आणि त्यावर कटिंग. ३६ अधिक १०, झाले ४६ रुपये. यात मैदा आहे, बटाटा आहे, तेल आहे. बेसनाचं जे पातळ आवरण, तेवढीच डाळ. हिरवी भाजी म्हणजे मिरची आणि कोथिंबीर. दोन वाजता खाल्लं की पाच वाजता पुन्हा भूक लागते, हे कोणत्याही बांधकामावरच्या माणसाला विचारा.

त्याच्या शेजारी घरचं ताट ठेवा. क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरी केलेल्या शाकाहारी थाळीचा खर्च काढते. पोळी, भाजी, भात, डाळ, दही, कोशिंबीर, सगळं धरून. २०२४ आणि २०२५ मध्ये हा आकडा साधारण २६ ते ३४ रुपयांच्या दरम्यान फिरत होता. म्हणजे पूर्ण थाळी, दोन वडापावांपेक्षा स्वस्त! आणि ज्याचं रेशन कार्ड प्राधान्य गटातलं आहे त्याला माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, त्याला तर आणखी स्वस्त.

मग लोक वडापाव का खातात? अक्कल नाही म्हणून, असं समजणारे बरेच भेटतात. "घरून डबा आणायला काय होतं?" हे वाक्य मी ऑफिसात कितीदा ऐकलं आहे. क्रिसिलच्या आकड्यात सामान आणि इंधन आहे. त्यात शेगडी नाही, खोली नाही, पाणी नाही, आणि ते ताट करणाऱ्या बाईचा वेळ नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. घरचं जेवण ३० रुपयांत पडतं, कारण या मिनिटांचा दर आपण शून्य धरलेला आहे. नालासोपाऱ्यात पाच जणांत खोली घेऊन राहणाऱ्या, सकाळी सहाची लोकल पकडणाऱ्या पोराकडे ही मिनिटं फुकट देणारं कोणी नसतं. त्याच्यासाठी तांदूळ फुकट असला तरी भात फुकट नसतो.

शिजवणाऱ्याचा वेळ आणि जागा धरून एका साध्या ताटाची खरी किंमत किती, याचा एक सरकारी आकडा आपल्याकडे आहे. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. जेवणाऱ्याने १० रुपये द्यायचे. पण केंद्र चालवणाऱ्याला थाळीमागे शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये मिळतील असं ठरलं, वरचा फरक सरकारचा. म्हणजे सहा वर्षांपूर्वीच सरकारने मान्य केलं होतं की शहरात साधं ताट ५० च्या खाली बसत नाही. १९९५ च्या एक रुपयात झुणका-भाकरची गोष्टही तीच. अनुदान होतं तोवर झुणका-भाकर होती, अनुदान आटलं तशी त्यातल्या अनेक केंद्रांवर दुसरेच पदार्थ विकले जाऊ लागले.

म्हणून माझ्या लेखी खरी महागाई वडापावात झालेली नाही. ती त्याच्या वरच्या पायरीवर झाली. एकेकाळी खिशात थोडे जास्त पैसे असले की वडापावऐवजी उसळपाव किंवा मिसळ खाता यायची. मटकी, तर्री, दोन पाव, पोट भरायचं आणि अंगाला लागायचं. माझ्या कॉलेजच्या दिवसांत दोन वडापावांच्या पैशांत थोडी भर घातली की मिसळ व्हायची. आज आमच्या भागात साधी मिसळ ७०-८० च्या खाली नाही, आणि राइस प्लेटला १२० लागतात. वडापाव १८ वर आणि पुढची पायरी ७० वर. मधली पायरीच निखळली. पिशवीवाला माणूस वडापाव परवडत नाही म्हणत होता, तेव्हा त्याला बहुधा हेच म्हणायचं होतं, की यापलीकडचं काहीच परवडत नाही.

बर्गरवाल्या साखळ्यांबद्दल थोडक्यात. त्या आपल्याकडे कधीच गरिबाचं खाणं नव्हत्या. मॅकडोनाल्ड्स १९९६ साली भारतात आलं. २००४ मध्ये त्यांनी २० रुपयांत बर्गर देऊ केला तेव्हा तो स्वस्त म्हणून गाजला, पण त्या पैशांत स्टेशनवर चार वडापाव आले असते. अमेरिकेत मात्र ते खरोखरच कामगाराचं खाणं होतं. १९४८ मध्ये मॅकडोनाल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियात १५ सेंटला हॅम्बर्गर विकायला सुरुवात केली ती त्याच गिऱ्हाइकासाठी. तिथे अलीकडे ओरड एवढी वाढली की मे २०२४ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना उघड पत्र लिहून सांगावं लागलं की बिग मॅकची सरासरी किंमत २०१९ मध्ये ४.३९ डॉलर होती, ती आता ५.२९ आहे. पाठोपाठ जूनमध्ये ५ डॉलरचं जेवण आणलं. तरी पुढच्या वर्षी कंपनीने कबूल केलं की कमी उत्पन्नाची गिऱ्हाइकं येईनाशी झाली आहेत. तिथला गरीब गिऱ्हाईक घरी परतू शकतो, त्याच्या घरात बहुतेक वेळा चूल आणि फ्रिज असतो. आपल्याकडचा कुठे परतणार?

आणि घरबसल्या मागवलेला वडापाव हा तर वेगळाच पदार्थ समजावा. ॲपवर दुकानदार आधीच भाव चढवून लावतो, कारण ॲपचं कमिशन त्याला भरून काढायचं असतं. वर डिलिव्हरीचे पैसे, प्लॅटफॉर्म फी, आणि १ जानेवारी २०२२ पासून, विकणारा कितीही छोटा असला तरी, पाच टक्के जीएसटी. १८ चा वडापाव दारात येईपर्यंत जेवणाच्या किमतीला पोचतो, आणि पाव तोवर वाफेने ओला झालेला असतो.

परवा संध्याकाळी पुन्हा गाडीवर होतो. मावशी घाणा काढत होत्या. वडे झाऱ्यावर निथळले, मग त्यांनी कढईत तरंगणारे बेसनाचे कण, चुरा, गोळा करून एका पातेल्यात टाकला. लहानपणी हा चुरा आम्ही मागून घ्यायचो, कोणी पैसे घेत नसे. रांगेतल्या एका पोराने, बाजूच्या इमारतीच्या बांधकामावरचा असावा, हातावर सिमेंट सुकलेलं, विचारलं, "चुरापाव कितीला?"

"दहा."

त्याने दोन घेतले. मावशींनी पावात चुरा दाबून भरला, त्यावर लाल चटणी, आणि मिरची न मागता दिली.